तापवाल्यांचा उलटा हात

बिघडलेला लॅपटॉप पुढ्यात आला की बहुतेक कारागीर आधी त्याच्या कळा दाबून पाहतात. तापवाले तसे करीत नसत. गिऱ्हाईकालाच बाकावर बसवून ते अर्धा तास त्याचे नेहमीचे काम करायला लावीत. मग उजव्या हाताची पाठ हलकेच यंत्राच्या पोटाखाली सरकवीत, डोळे मिटीत, आणि आजारी लेकराच्या कपाळाला हात लावलेली आई जशी क्षणभर श्वास धरून ठेवते तसे निश्चल बसत. हात काढल्यावर, यंत्राला ऐकू जाऊ नये अशा हलक्या आवाजात निदान सांगत. "डाव्या अंगाला लई तापलंय. पंखा दमलाय बिचाऱ्याचा."

ही रीत त्यांना वडिलांकडून मिळाली होती. पडेगावच्या बाहेर, दौलताबादच्या रस्त्याला लागलेल्या माळावर त्यांच्या वडिलांची मेंढरे चरत. मेंढी मलूल दिसली की वडील तिचा कान हाताच्या पाठीला टेकवून पाहत. "तळहातानं कळत नाय, गुर्जी," तापवाले मला म्हणाले होते. "तळहात कामानं निबर झालेला असतो. हाताची पाठ कोवळी ऱ्हाती. तिला खोटं बोलता येत नाय."

उस्मानपुऱ्यातल्या मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीत त्यांचे पत्र्याचे दुकान होते. दारावर त्यांनी स्वतः रंगविलेली पाटी होती : 'लॅपटॉप गरम होतो? इथं थंड करून मिळेल.' त्या पाटीवरून विद्यार्थ्यांनी त्यांना तापवाले म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सारी गल्ली तेच म्हणू लागली. खरे नाव बिरूभाऊ. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, बोलणे मोजके आणि हसणे मात्र मोकळे. मी त्यांना समोर बिरूभाऊ म्हणत असे, पण मनात तेही माझे तापवालेच होते.

मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले. त्यापूर्वी, मिसरूड फुटण्याच्या वयापासून, जुन्या शहरातल्या एका लहानशा पाठशाळेत गुरुजींच्या चरणांशी बसून जे काही मिळाले ते मिळविले. गुरुजी स्वतः कधी लेखणी हाती धरीत नसत. ते सांगत आणि मी लिहून घेई. पूजेत, संस्कारांत, रोजच्या व्यवहारात आपण जे शब्द अर्थ न जाणता उच्चारतो, त्यांतील एकेका शब्दाचा उलगडा ते दररोज पाठ संपल्यावर करीत. अशा चौदा वह्या भरल्या. चौदाव्या वहीचे शेवटचे पान त्यांनी अंथरुणावर पडल्या पडल्या सांगितले आणि त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी देह ठेवला. त्या वह्या म्हणजे माझ्या जन्माचे एकमेव संचित होते. कागद पिवळे पडून पापुद्र्यासारखे सुटू लागले, तेव्हा पुण्याला राहणाऱ्या माझ्या मुलीने आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि त्यावर अक्षरे कशी उमटवायची ते शिकविले. एका बोटाने, सात वर्षे, मी त्या चौदा वह्या त्यात उतरविल्या. सारे उतरवून झाले. शोधन, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून वाचून अशुद्धे काढणे, तेवढे बाकी राहिले आणि यंत्र तापू लागले. आधी ते पंख्याचा घरघराट करी, मग मध्येच डोळे मिटी. अशा अवस्थेत मी ते घेऊन प्रथम त्या गल्लीत गेलो.

तापवाल्यांनी हाताची पाठ लावली, डोळे मिटले आणि या वेळी जरा अधिक वेळ बसून राहिले. मग पेचकसाने तळाचे झाकण उघडले. आतल्या पंख्याच्या जाळीवर राखाडी रंगाचा, घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट थर बसलेला होता. त्यांनी तो बकरीच्या केसांच्या कुंचल्याने सोडवून कागदावर घेतला, नाकाजवळ नेला आणि माझ्याकडे पाहिले.

"गुर्जी, ह्याच्यासमोर काय जाळता?"

"उदबत्ती. सणावाराला धूप आणि कापूर."

"अन् ठेवता कुठं ह्याला?"

मी सांगितले. ज्या चौरंगावर पूर्वी वह्या असत, त्याच देवघरातल्या चौरंगावर, रेशमी वस्त्राची चौघडी घालून मी यंत्र ठेवीत असे आणि तेथेच बसून लिहीत असे. गुरुजींची वाणी ज्यात आहे त्याला दुसरी कोणती जागा द्यावी, हे मला सुचलेच नव्हते.

तापवाले मोकळे हसले. "लोकांच्या मशिनीत बिस्किटाचा चुरा निघतो, झुरळं निघतात. एकाच्यात चपातीचा तुकडा निघाला व्हता. देवाची राख पयल्यांदाच बघितली. तुम्ही ह्याला सोवळ्यात ठेवलं गुर्जी, अन् ह्यो गुदमरला. ह्याला खालनं श्वास घ्यायचा असतो. रेशमानं त्याचं नाकच दाबलं की!"

मी ओशाळलो. त्यांच्या ते ध्यानात आले असावे, कारण लगेच त्यांनी हसणे आवरले. यंत्राच्या सर्वांत तापणाऱ्या चकतीवरचा, उष्णता ओढून घेणारा जुना लेप वाळून, सहाणेवर राहून गेलेल्या गंधासारखा तडकला होता. तो खरवडून त्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढा नवा लेप लावला, झाकण बसविले आणि तळाला सोड्याच्या बाटलीची चार बुचे चिकटविली, म्हणजे खालून वारा खेळता राहील. शेवटी त्या राखेची पुडी बांधून माझ्यापुढे ठेवली. "ही मी केरात कशी लोटू? तुमची तुम्ही घिऊन जा." यंत्रांच्या त्या पसाऱ्यात बसलेल्या माणसाला ही जाण असेल असे मला वाटले नव्हते. ती पुडी मी तुळशीच्या वृंदावनात रिती केली.

त्या दिवसापासून चार वर्षे माझे तेथे जाणे-येणे राहिले. यंत्र म्हातारे होते आणि त्याचा ताप पुन्हा पुन्हा उलटत असे. तापवाल्यांच्या दुकानात एकच टेबलफॅन होता, आणि एखादे यंत्र उघडून ठेवले की तो ते बंद करीत. गल्लीतली धूळ आत जाते आणि तिळाएवढे स्क्रू उडतात, हे त्याचे कारण. पण ते कारण सांगत नसत. "उघड्या जिवावर वारा घालू नये," एवढेच म्हणत. वर पत्रे तापलेले, दारातून झळा येत, आणि हे सदरा पाठीला चिकटलेल्या अवस्थेत कोणाच्या तरी यंत्राला गारवा मिळवून देण्यात गढलेले. शेजारी झेरॉक्सचे दुकान चालविणारे एक वृद्ध चाचा होते. ते दारातून डोकावून रोज तीच थट्टा करीत.

"क्या बिरू मियाँ! दुनिया के मशीनां ठंडे करते, और खुद तंदूर में बैठे!"

"चाचा, तंदुरात रोटी फुगती. मी कवा फुगतो त्याचीच वाट बघतोय."

"फुगेंगा नहीं, जल जाएंगा एक दिन."

दोघेही हसत. मीही हसत असे. आज ते हसणे आठवले की मला माझीच लाज वाटते.

एका आश्विनात मी यंत्र परत आणायला गेलो तेव्हा मलाच अंगात कणकण वाटत होती. घरी संध्येची वेळ होत आली होती, मी स्नान करून निघालो होतो. तापवाल्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता उजव्या हाताची पाठ माझ्या कपाळाला लावली. मी झटक्याने मागे सरलो. ते सरणे विचारपूर्वक नव्हते. सोवळ्या-ओवळ्याच्या साठ वर्षांच्या सवयीने शरीर आपोआप सरले. पण त्यांचा हात हवेत तसाच राहिला, मग हळूच खाली गेला.

"चुकलं गुर्जी. हाताला सवय पडलीया." थोडे थांबून म्हणाले, "मशिनीपेक्षा तुम्हालाच ताप जास्त हाय. रिक्षा बोलावतो, चालत जाऊ नका."

काही हरकत नाही, हे तीन शब्द मला तेव्हा बोलता आले असते. मी ते बोललो नाही. त्यानंतर यंत्र परत देताना ते माझ्या हातात देत नसत. फळीवर ठेवीत आणि हात मागे घेत. मी उचलून घेई. त्यांच्या वागण्यात आदर तोच होता, थट्टाही तीच होती. मात्र तेवढे एक वीतभर अंतर त्यांनी माझ्यासाठी नेमाने राखले, आणि मी ते त्यांना राखू दिले.

शोधन अर्ध्यावर आले असता, एकदा बोलण्याच्या ओघात मी त्यांना सांगितले की मूळ वह्या आता नाहीत. सारे उतरवून झाल्यावर आलेल्या कार्तिकी पौर्णिमेला मी त्या पैठणला नेऊन गोदावरीत विसर्जित केल्या होत्या. जीर्ण झालेल्या पोथीला केरात टाकू नये, जाळू नये, तिला वाहते पाणी द्यावे, अशी आमच्याकडची रीत आहे. पाने हाताला लागताच तुटत होती. त्यांची अधिक विटंबना होऊ नये असे मला वाटले. मी पात्रात उभा राहून एकेक वही सोडली आणि मोठ्या समाधानाने घरी आलो.

तापवाल्यांनी पेचकस खाली ठेवला. "समद्या?"

"चौदाही."

"अन् ह्या मशिनीतली दुसरी नक्कल कुठं हाय?"

"काढलेली नाही."

"गुर्जी," ते कळवळून म्हणाले, "एकच मेंढी घिऊन कुनी रानात ऱ्हायला जात नाय हो! आत्ताच्या आत्ता काढून देतो नक्कल. पाच मिनिटाचं काम हाय."

मी त्यांना थांबविले. गुरुजींचा दंडक होता की ग्रंथ शुद्ध आणि पूर्ण झाल्याखेरीज त्याची प्रत काढू नये. अपुऱ्या ग्रंथाची प्रत निघाली की मन तेवढ्यावरच संतुष्ट होते आणि पुढचे काम खुंटते. शोधन पूर्ण झाले की गुरुजींच्या पुण्यतिथीला पहिली प्रत काढीन, मग छापून त्यांच्या तसबिरीपुढे ठेवीन, असा माझा संकल्प होता. तापवाल्यांनी वाद घातला नाही. त्यांनी खणातून आपला स्वतःचा पेनड्राईव्ह काढून फळीवर ठेवला. "ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ. मन झालं की मला हाक मारा." मी तो घरी आणला, हळदकुंकू लावून देवघरातल्या तबकात ठेवला. तो रिकामाच राहिला. पुढे दीड वर्ष, मी गल्लीत दिसलो की ते आधी तेच विचारीत, "गुर्जी, नक्कल काढली का?" आणि मी म्हणे, "शोधन चालू आहे."

गेल्याच्या गेल्या वैशाखात, पुण्यतिथीला सहा दिवस उरले असताना, यंत्राचा पडदा एकाएकी काळा झाला. शोधनाची शेवटची चाळीस पाने राहिली होती. करपट वास आला. मी रेशमी वस्त्रात नव्हे, नुसत्याच हातांत ते घेऊन रिक्षाने उस्मानपुऱ्यात गेलो. तापवाल्यांनी हाताची पाठ लावली. फार वेळ लावून धरली.

"ताप नाय," ते म्हणाले. "हेच वाईट हाय."

यंत्राचे काळीज जळाले होते. त्यातली माहिती साठविणारी तबकडी त्यांनी बाहेर काढून आपल्या यंत्राला जोडली. वर्षानुवर्षांच्या उष्म्याने तिलाही जागोजागी चट्टे पडले होते. ती वीसएक मिनिटे फिरे, एकेका पानापाशी अडखळत वाची, मग तापून टकटक आवाज करी. त्या आवाजानंतर तिला फिरवीत ठेवले तर ती कायमची बंद पडेल, असे त्यांनी मला समजावून सांगितले. दुसऱ्या मोठ्या कारागिराकडे न्यावी का, असे मी विचारले. ते म्हणाले, "न्या की. पन ते एका दमात हाकतील. ही त्या दमाची नाय ऱ्हायली. हिला थोडं चारायचं, सावलीत बसवायचं, परत थोडं चारायचं. लई टाइम लागंल, पन येतील वह्या." मी घरी जाऊन तबकातला तो हळदकुंकवाचा पेनड्राईव्ह आणला.

तीन दिवस ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या एका कामाला बसले. दारावर 'दुकान बंद' अशी पुठ्ठ्याची पाटी लावली. टेबलफॅन तबकडीजवळ आणून त्याला पुठ्ठ्याचे नळकांडे केले, म्हणजे सारा वारा तिलाच मिळावा आणि इतर उघड्या यंत्रांवरची धूळ उडू नये. त्यांच्या वाट्याला त्या वाऱ्याची झुळूकही येत नव्हती. मी समोरच्या बाकावर जपाची माळ घेऊन बसत असे. एकेक वही निघाली की ते पडद्यावर तिचे पहिले पान मला दाखवीत, आणि मी गुरुजींचे शब्द ओळखून मान हलवी. "आली का घरी?" ते विचारीत. "आली," मी म्हणे. मग ते पुठ्ठ्यावर पेनाने एक रेघ ओढीत.

तिसऱ्या दिवशी चाचा आत आले आणि रागावून म्हणाले, "बिरू, पंखा अपनी तरफ घुमा जरा. मुँह देख तेरा, कैसा हो गया."

"चाचा, ह्या तबकडीत गुर्जींचे गुर्जी हायत. आपून बाहेर हावोत. आपल्याला काय झालंय?"

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा रेघा झाल्या. बाहेर रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. पत्र्यांकडे पाहवत नव्हते. अकरावी वही आल्यावर तापवाले मागे रेलून बसले आणि म्हणाले, "गुर्जी, आज बास करू. डोकं जड झालंय. उद्या पहाटच्या गारव्यात बसतो. तीनच ऱ्हायल्यात."

पुण्यतिथी परवावर आली होती. मुद्रकाला मी उद्याचा शब्द दिला होता. आणि राहिलेल्या तिन्हींमध्ये चौदावी वही होती. मी म्हणालो, "बिरूभाऊ, आणखी एकदाच फिरवून पाहता का? बारावी तरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. नाही म्हणणे त्यांना जड गेले असावे. ते पुन्हा पुढे सरसावून बसले.

त्यानंतरचे सारे मला तपशीलवार आठवते, आणि न आठवावे अशी प्रार्थना मी रोज करतो. सकाळपासून घामाने भिजलेला त्यांचा सदरा कोरडा पडला होता. ते मला दिसले. चेहरा लालबुंद झाला होता. तेही दिसले. मध्येच ते तबकडीला "हर्र, हर्र" असे मेंढरांना हाकल्यासारखे म्हणाले, आणि थट्टा करीत आहेत असे समजून मी हसलो. मग ते पुटपुटले, "थंडी वाजाय लागली," आणि मला ते विचित्र वाटले. त्या क्षणी माझ्या मनात आले की यांच्या कपाळाला हात लावून पाहावा. खरोखर आले. पण माझा उजवा हात जपाच्या पिशवीत, गोमुखीत होता आणि माळ अर्ध्यावर होती. माळ पूर्ण होईपर्यंत गोमुखीतून हात काढायचा नाही, हा माझा बालपणापासूनचा नेम. उरलेले मणी आटोपून मग पाहू, असे मी स्वतःशी म्हणालो. त्यांच्या आणि माझ्यामध्ये तेव्हाही तेच वीतभर अंतर होते. माळेच्या टोकाचा मेरूमणी बोटाला लागला तेव्हा तापवाले टेबलावर पालथे झाले होते आणि तबकडी टकटक वाजत होती.

माझ्या ओरडण्याने चाचा धावत आले. त्यांनी आधी तापवाल्यांच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "या अल्ला, ये तो भट्टी हो गया!" माठातले सारे पाणी त्यांनी त्यांच्या अंगावर ओतले, पंखा त्यांच्याकडे वळविला, रिक्षा बोलाविली. आम्ही दोघांनी मिळून त्यांना रिक्षात ठेवले. चार वर्षांत माझा हात त्यांना प्रथमच लागला तो असा. त्यांचे डोके माझ्या मांडीवर होते आणि तापलेल्या तव्यासारखे ते मला भाजत होते. डॉक्टरांनी उष्माघात असल्याचे सांगितले, आणि आणखी थोडा वेळ आधी आणायला हवे होते, असेही सांगितले. तो थोडा वेळ किती, हे मी त्यांना विचारले नाही. तो किती मण्यांचा होता ते मला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तापवाले गेले. ते शुद्धीवर आलेच नाहीत.

गुरुजींच्या पुण्यतिथीला तसबिरीपुढे काहीही ठेवता आले नाही. मला सुतक नव्हते, पण मी त्या दिवशी देवघरात गेलो नाही. पुढे पंधरवड्याने पडेगावला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने घोंगडी अंथरली, पाणी दिले आणि एक पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. चाचांनी दुकानातून माझे सामान गोळा करून तिच्याकडे दिले होते. यंत्र होते. त्याचे सारे स्क्रू एका डबीत, प्रत्येक जागेच्या स्क्रूंची कागदात वेगळी पुडी करून ठेवलेले होते. पेनड्राईव्ह होता. तबकडी फडक्यात गुंडाळलेली होती. आणि तो पुठ्ठा होता. त्यावर अकरा रेघा, आणि खाली त्यांच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, 'गुर्जी. तीन बाकी.'

"घरी आल्यावर बी तेच बोलायचे," ती म्हणाली. "एवढ्या घरी आल्या, एवढ्या रानातच हायत म्हनायचे. त्या तीन निघतील ना वो गुर्जी? नायतर त्येंचा जीव तितंच घुटमळंल."

तिला माझ्यावर राग नव्हता. आपल्या नवऱ्याचे अपुरे राहिलेले काम पुरे व्हावे एवढेच ती मागत होती. मी "प्रयत्न करतो" म्हणालो आणि उठलो. तिचा नवरा कोणाच्या शब्दाखातर पुन्हा खुर्चीवर बसला, हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. ते अजूनही झालेले नाही. हे लिहिताना प्रथमच ते कागदावर येत आहे.

ती तबकडी मी मुलीबरोबर पुण्याच्या एका जाणत्याकडे पाठविली. त्याने ती उघडून पाहिली आणि परत पाठविली. ती टकटक वाजत असताना तिला थांबविणारे कोणी नव्हते. तापवाल्यांनी सांगितले होते तसेच झाले होते. बारावी, तेरावी आणि चौदावी वही आता कोठेही नाही, गोदावरीत नाही, यंत्रात नाही. माझ्या स्मरणात असतील म्हणून मी रोज सकाळी कोरा कागद घेऊन बसतो. चौदाव्या वहीच्या शेवटच्या पानावरची शाई निळी होती, गुरुजींनी सांगताना दोनदा पाणी मागितले होते, खिडकीत चिमणी होती, हे सारे आठवते. शब्द आठवत नाहीत. एकही नाही. वीस मिनिटे झाली की मी उठतो, थोडा सावलीत बसतो, पुन्हा कागदापाशी येतो. त्यांनी दाखविलेली हीच एक रीत मला येते. तिने काहीही परत येत नाही. अकरा वह्यांची प्रतही मी छापलेली नाही. पेनड्राईव्ह तबकात आहे. त्याला मी आता हळदकुंकू लावीत नाही, त्यापुढे उदबत्तीही लावीत नाही.

यंदाच्या वैशाखात काही औषधे आणायला उस्मानपुऱ्यात गेलो असता पाय आपोआप त्या गल्लीत वळले. भर दुपार होती. तापवाल्यांचे दुकान अजून कोणी घेतलेले नाही. पाटीचा रंग उडाला आहे, पण 'थंड करून मिळेल' एवढे वाचता येते. खाली ओढलेल्या शटरवर सरळ ऊन पडले होते. मी त्याच्यापुढे किती वेळ उभा होतो, कोणास ठाऊक. मग मी पिशवी डाव्या हातात घेतली, उजव्या हाताची पाठ त्या लोखंडाला लावली आणि डोळे मिटले.

चाचा आपल्या दारातून ओरडले, "गुरुजी, क्या करते? हाथ हटाओ, जल जाएंगा!"

मला ऐकू आले. मी हात तसाच ठेवला.